स्पार्क प्लग आवळणे : इयत्ता पहिली

गाडीचं काम घरच्या घरी करायचं, हा निर्णय माणूस सहसा गॅरेजचं बिल हातात आल्यावर घेतो. बिलात मध्येच कुठेतरी ‘प्लग क्लीनिंग’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोर एक आकडा असतो, आणि तो वाचून मनात येतं, की प्लग काढायचे, पुसायचे, परत लावायचे, यात एवढं काय? प्रस्तुत मार्गदर्शिका ‘यात एवढं काय’ म्हणणाऱ्या होतकरू मंडळींसाठी आहे.

काढण्यात आणि पुसण्यात खरोखरच फारसं काही नाही. सगळं आहे ते परत लावण्यात, आणि त्यातही शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात. साध्या लांब आट्यांचा प्लग इंजिनात पुरता बसायला चौदा-पंधरा फेरे घेतो. त्यातले पहिले चौदा कुणालाही जमतात, लहान मुलांनाही जमतात. पुढचा अर्धा फेरा देऊन थांबणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही. आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं, अशी एक सरसकट समजूत आहे. नळाची तोटी, गॅसचं बटण, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळं आपण पुढचा माणूस आपला शत्रू असल्यासारखं बंद करतो. स्पार्क प्लगला हे सोसत नाही.

उदाहरणासाठी आपण मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तरी बहुतेक जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात कव्हर घातलेली एखादी अजून असतेच. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन, म्हणून प्लगही तीनच. नवशिक्याला तीन हा आकडा सोयीचा. पहिला प्लग भीत भीत आवळला जातो, दुसरा नीट, आणि तिसरा जेवायची हाक आल्यामुळे घाईत. चार सिलिंडरवाल्यांनी हाक येण्याच्या आत चौथाही उरकावा.

साहित्य

प्लग पाना एक. याच्याऐवजी दुसरं काही चालत नाही. जुन्या पद्धतीच्या प्लगला २१ नंबरचा लागतो, नव्या गाड्यांच्या बारीक प्लगना बहुधा १६ चा. आत रबराची चकती असलेला घ्यावा, कारण ती प्लगला अलगद धरून ठेवते आणि वरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला धक्का लागू देत नाही. ‘फिक्स पान्याने निघेल की’ असं कुणी म्हणालं तर त्याचं बरोबर आहे, निघेल. अर्धा निघेल, अर्धा आत राहील.

फिलर गेज एक. पातळ पोलादी पट्ट्यांचा हा जुडगा दिसायला क्षुल्लक आणि घरात सापडायला अशक्य असतो. तो नसताना पूर्वी लोक हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरत, आणि ते अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. ब्लेडची जाडी सुमारे ०.६५ मिलिमीटर असते आणि त्या काळच्या प्लगना साधारण तेवढीच फट लागे. आजच्या गाड्यांना कुठे ०.८ लागते, कुठे १.१. तेव्हा ब्लेड लोखंड कापायलाच ठेवावं.

सायकलचा पंप, वीतभर रबरी नळी, चिकटपट्टी आणि जुना बनियन. बनियन जुना आहे की नाही हे स्वतः ठरवू नये, घरात विचारावं.

टॉर्क पाना ऐच्छिक. किती जोराने आवळलं हे सांगणारा हा पाना. त्याची किंमत ऐकल्यावर गॅरेजच्या बिलाबद्दलचा राग बराच निवळतो.

आणि एक काका. काकांना बोलवावं लागत नाही. बोनेट उघडल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि दोन मिनिटांत मागे हात बांधून कुणीतरी येऊन उभं राहतं. या काकांना हसण्यावारी नेऊ नका. ते चेतकच्या पिढीतले आहेत. १९७२ पासून आकुर्डीत बनलेल्या त्या स्कूटरने महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला प्लग काढायला शिकवलं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी नेमकी घाटात बंद पडायची. डिकीत प्लग पाना, एक जास्तीचा प्लग आणि फडकं नसेल तर तो स्कूटरवाला कच्चा समजला जाई. भर पावसात, तापलेल्या इंजिनातून, मागे कुटुंब छत्री धरून उभं असताना काकांनी जे प्लग बदलले, ते पुन्हा सैल होऊ नयेत म्हणून पान्यावर पाय देऊन आवळले. त्यांची घट्टपणाची व्याख्या तिथली आहे. त्यांचा अनुभव आदराने ऐकावा, त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा. पाना देऊ नये.

साहित्य अपुरं आहे म्हणून अडून बसणाऱ्यांसाठी एक जुनी हकिकत सांगतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्टा बेंझ या बाईंनी नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, बनवलेली मोटारगाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं तिथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. घरच्या घरी गाडी दुरुस्तीचा आद्य पुरुष ही एक बाई आहे, हे रविवारी सकाळी ‘तुला यातलं कळत नाही’ असं म्हणण्याआधी आठवावं.

पूर्वतयारी

इंजिन गार हवं. दूध आणायला गाडी नेली असेल तर आज दूध पायी का नाही आणलं याचा विचार करत तास-दोन तास थांबावं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचे आटे पोलादाचे. गरम असताना ॲल्युमिनियम मऊ पडलेलं असतं. त्या अवस्थेत प्लग हिसकला तर तो एकटा येत नाही, हेडचे आटेही सोबत घेऊन येतो.

पुढची पायरी हटकून वगळली जाते. प्लगच्या बुडाशी जो खड्डा असतो त्यात धूळ, वाळू, पिंपळाची पानं, कधी एखादा मेलेला किडा असं बरंच काही साठलेलं असतं. प्लग काढला की हे सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टन दिवसभर ते दळत बसतो. म्हणून प्लग आधी एक-दोन आटे सैल करावा, मग सायकलच्या पंपाने खड्ड्यात हवा मारावी, मगच पुरता काढावा. हवा मारताना तोंड वर ठेवून डोकावू नये.

वायर काढताना रबरी टोपी धरून ओढावी, वायर धरून ओढू नये. चिकटपट्टीच्या तुकड्यांवर एक, दोन, तीन लिहून प्रत्येक वायरला लावावं, किंवा सरळ एका वेळी एकच प्लग हाताळावा. वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी भलत्याच सिलिंडरमध्ये भलत्याच वेळी पडते आणि गाडी एक तर सुरू होत नाही, नाहीतर असा फटाका वाजवते, की राहिलेली सोसायटीही खाली येते. नव्या गाड्यांत वायरी नसतात. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि ती एका बारीक बोल्टने बसवलेली असते. तो बोल्टही जोर दाखवण्याची जागा नाही.

प्लग सुटताना कसा सुटतो याकडे लक्ष द्यावं. हलक्या हाताने सुटला, तर मागच्या वेळी तो आवळणारा माणूस सज्जन होता. दोन्ही हात लावून, दात खाऊन सुटला, तर त्या गॅरेजात पुन्हा जायचं की नाही याचा निकाल तिथेच लागतो. अर्ध्यात येऊन करकरू लागला तर ओढत राहू नये. परत थोडा आत घ्यावा, आट्यांवर गंज सुटायचं तेल सोडावं, चहा घेऊन यावं, मग पुढे-मागे करत काढावा.

बाहेर आलेल्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिनची तब्येत ठणठणीत. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल पितंय, आणि पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर आत उष्णता फार होते. शेवटच्या दोन प्रकारांत बोनेट लावून मेकॅनिककडे जावं. काका प्लग हातात घेऊन बराच वेळ उन्हात फिरवून पाहतील आणि ‘कार्बन धरलाय’ म्हणतील. हे वाक्य कुठल्याही प्लगला लागू पडतं.

एखादा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो फेकावा. वरून धडधाकट दिसला तरी आतल्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेलेली असू शकते आणि मग ठिणगी टोकाशी पडण्याऐवजी त्या चिरेतून पळते. ‘काही झालं नाही त्याला’ हे मूल पडल्यावर म्हणायचं वाक्य आहे, ते इथे चालत नाही.

पत्रिका पाहणे

नवे प्लग घेणार असाल तर अंगावर छापलेला नंबर जुळवूनच घ्या. बीपीआर६ईएस या एका प्रचलित जपानी नंबराचं फळ असं : पहिलं अक्षर आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर असल्याचं सांगतं, मधला ‘आर’ आत रेझिस्टर असल्याचं, पुढचा ‘ई’ आट्यांची लांबी १९ मिलिमीटर असल्याचं. सव्वा मिलिमीटरला एक आटा या हिशेबाने १९ मिलिमीटरचे पंधरा फेरे होतात, वर सांगितलेला आकडा इथून आला. लांबी चुकली तर आवळण्याचं सगळं कौशल्य व्यर्थ. आखूड प्लग खड्ड्यात बसून ठिणगी टाकतो आणि लांब प्लगची वर येणाऱ्या पिस्टनशी गाठ पडते.

रेझिस्टर कशाला, तर ठिणगीमुळे रेडिओत येणारी खरखर दाबायला. गल्लीतून स्कूटर गेली की दूरदर्शनच्या रविवारच्या सिनेमावर पांढऱ्या रेघा नाचायच्या, हे ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको.

मधला ६ हा आकडा मात्र भांडणाचं मूळ आहे. प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, हे तो सांगतो. या जपानी कंपनीच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. जर्मन बॉशच्या पद्धतीत बरोबर उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. त्यामुळे ‘एक नंबर वरचा घाल’ हा सल्ला कोण देतंय यापेक्षा कुठल्या कंपनीच्या डब्यावरून देतंय, हे महत्त्वाचं. काका डबा पाहणार नाहीत. ते दुकानात जाऊन आजही ‘मायकोचा प्लग द्या’ म्हणतात. मायको, म्हणजे १९५१ मध्ये बंगळुरात सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, मुळातच बॉशच्या गोतावळ्यातली होती आणि २००८ मध्ये तिचं नावही बॉश झालं. दुकानदाराला हे ठाऊक असतं आणि काकांनाही. तो निमूट बॉशचा प्लग देतो आणि काका निमूट घेतात.

फट मोजताना पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. जास्त असेल तर बाहेरचा वाकडा पाय हलकेच ठोकावा, कमी असेल तर उचलावा. मधल्या दांडीवर जोर देऊ नये. इरिडियमच्या महागड्या प्लगची मधली दांडी सुईसारखी बारीक असते, तिला पट्टीचाही धक्का सोसत नाही. ते प्लग कारखान्यातूनच फट लावून येतात, त्यांच्यावर आपलं शिक्षण करू नये.

कृती

प्लगच्या आट्यांवर, अगदी वरच्या बाजूला, पत्र्याची एक गोल कडी असते. गॅरेजात तिला वायसर म्हणतात. नीट पाहिलं तर ही कडी भरीव नसते, दुमडलेल्या पत्र्याची पोकळ असते. प्लग आवळला की ती चेपते आणि प्लग व हेड यांच्यामधली जागा बंद करते. आवळायचं ते या कडीला, इंजिनला नाही. कडी चेपली की काम संपलं. पुढचा सगळा जोर आट्यांना आणि प्लगच्या नळीला ताणण्यात जातो.

आता प्लग हातात घ्या. पाना अजून खालीच असू दे, शक्यतो काकांपासून दूर. प्लग खोल असेल तर रबरी नळीचं एक टोक त्याच्या डोक्यावर घट्ट बसवा, दुसरं टोक बोटांत धरा आणि प्लग भोकात अलगद उतरवा. नळीचा मोठा गुण असा, की आटे तिरके लागले तर ती प्लगवर नुसतीच घसरते. पान्याला ही सद्बुद्धी नसते. तो तिरक्या आट्यांतही प्लग सरळ रेटून नेतो.

पहिल्यांदा प्लग उलटा फिरवायचा, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने. वाचताना विचित्र वाटलं तरी करून पाहा. अर्धा-पाऊण फेरा झाला की टिक्‌ असं होऊन प्लग किंचित खाली बसतो. आट्याचं तोंड आट्याला मिळाल्याची ती खूण. आता सुलटा फिरवा, बोटांनी. एक, दोन, तीन. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच जड जाऊ लागलं तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा पहिल्यापासून. इथे ज्याला लाज वाटते तो पुढे टर्नरच्या दुकानात बसतो. सगळं ठीक असेल तर प्लग बोटांनीच गुपचूप चौदा-पंधरा फेरे खाली जातो आणि कडी हेडला टेकते.

इथपर्यंत आलेल्यांनी पाना उचलावा आणि पान्याचा दांडा घड्याळाचा तासकाटा समजावा. प्लग टेकला तेव्हा बारा वाजले होते असं धरा. प्लग नवा कोरा आणि कडी न चेपलेली असेल तर काटा सहापर्यंत न्यावा, फार तर आठपर्यंत. तोच जुना प्लग पुसून परत बसवत असाल, तर कडी आधीच चेपलेली आहे, तेव्हा बारावरून एकवर. एवढंच. काही गाड्यांच्या प्लगला कडी नसते, बूड निमुळतं असतं आणि ते थेट हेडच्या उतरत्या जागेत रुततं. तिथे पाऊण तासही पुष्कळ झाला.

जुन्या प्लगला एकच तास, या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसत नाही. ज्या प्लगवर गाडी चालते तो एवढ्याशाने कसा राहील, असं वाटतं आणि हात आपोआप तीनकडे जातो. गॅरेजात हेडचे आटे दुरुस्त करायला येतात ते बहुतेक याच एक ते तीनच्या दरम्यान गेलेले असतात.

टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या कडीवाल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात. बारीक आट्यांच्या प्लगना याहून बरेच कमी, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक पाहावं. पुस्तक गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं असतं. आता २५ न्यूटन-मीटर म्हणजे किती? पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर अर्ध्या अंगाचा भार टाकून रेलला, तर हा पीळ साडेतीनपट होतो. आणि जोर कमी पडतो म्हणून पान्यात मीटरभर लांब पाइप घालायची कल्पना कुणाला सुचली, तर तिथे अडीच किलो पुरतात. म्हणजे मनगट टेकवून गप्पा मारत राहिलात, तरी काम झालेलं असतं आणि तुम्हाला अजून सैलच वाटत असतं. पाइप परत ठेवून या.

टॉर्क पाना ठरलेल्या आकड्यावर कट्ट वाजतो. एकदाच वाजू द्यावा. खात्रीसाठी दोनदा-तीनदा वाजवणारे लोक असतात. त्यांना कळत नाही, की प्रत्येक कट्टला प्लग थोडा पुढे सरकतोय.

काका या वेळी ग्रीसची डबी घेऊन येतील. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून आट्यांना ग्रीस. हेतू चांगला आहे. पण चांगल्या कंपन्यांच्या प्लगच्या आट्यांवर आधीच गंजरोधक मुलामा दिलेला असतो, आणि वर ग्रीस लावलं की आटे इतके गुळगुळीत होतात, की पाना तोच आकडा दाखवतो आणि प्लग मात्र कितीतरी जास्त ताणला जातो. ग्रीस घ्यावं, आभार मानावेत आणि गेटच्या बिजागरीला लावावं. ती अनेक वर्षं वाट पाहतेय.

कमी-जास्त झाल्यास

प्लग सैल राहिला तर काय बिघडतं, हे आधी पाहू, कारण ‘जास्त आवळू नका’ ऐकून काही लोक नुसता टेकवून सोडून देतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असताना प्रत्येक प्लग सेकंदाला पंचवीस ठिणग्या टाकतो. आतल्या जळत्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. प्लगच्या टोकाने मात्र साधारण ४५० ते ८५० अंशांत राहायचं असतं. त्याहून थंड राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि त्याहून तापलं तर ठिणगी पडायच्या आधीच लालभडक टोकाने पेट्रोल पेटू लागतं. ही जादा उष्णता मुख्यतः आट्यांतून आणि त्या चेपलेल्या कडीतून हेडमध्ये जाते. प्लग सैल म्हणजे उष्णतेची वाट बंद. आधी फुस्‌फुस्‌ असा आवाज येतो, मग पिकअप जातो, आणि तरीही चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. क्वचित प्लग आपणच गरगरत बाहेर येतो.

जास्त आवळलेला प्लग आवाज करत नाही, हीच त्याची अडचण. आवळणाऱ्याला समाधान मिळतं, गाडी छान सुरू होते, काका मान डोलावतात. बिघाड पुढच्या वेळी कळतो. प्लगची पोलादी नळी ताणली जाते, आतली चिनी माती सैल होते किंवा तडकते, आणि आटे खेचले गेले असतील तर पुढच्या वेळी प्लग काढताना त्याच्या आट्यांत चमकदार ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली सापडते. ती तार म्हणजे तुमचं हेड.

मग टर्नरकडे जावं लागतं. तो भोक मोठं करतो, नवे आटे पाडतो आणि त्यात पोलादी तारेचं वेटोळं बसवतो, त्याला हेलिकॉइल म्हणतात. काम चांगलं होतं, कधी कधी मूळच्यापेक्षा मजबूत होतं. पण आटे पाडताना निघणारा कीस सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून नीट काम करणारा माणूस आधी हेडच उतरवायला सांगतो. हेड उतरलं की हेड गॅस्केट नवं आलं, कूलंट आलं, ऑइल आलं, मजुरी आली. मूळ बिलातली ‘प्लग क्लीनिंग’ची ओळ यातल्या गॅस्केटएवढीही नव्हती.

शेवटी

वायरी किंवा कॉइल आपापल्या जागी दाबून बसवा. टक्‌ असं जाणवलं पाहिजे. हत्यारं मोजा, कारण हरवलेला पाना बहुधा बॅटरीवर आडवा पडलेला असतो. गाडी सुरू करा आणि मिनिटभर नुसती ऐका. तीनही सिलिंडर सारखे चालत असतील, मिसिंग नसेल, कुठे फुस्‌फुस्‌ नसेल, तर बंद करा आणि बोनेट लावा. ‘आता गरम झालीय, परत एकदा पाना मारून घे’ असं मागून ऐकू येईल. मारू नका.

काम बरोबर झालं असेल तर गाडी कालच्यासारखीच चालेल. कुणाच्या काही लक्षात येणार नाही. घरात गेल्यावर ‘एवढा वेळ नक्की काय केलंत?’ असं विचारलं जाईल. ‘अर्धा फेरा दिला’ हे खरं उत्तर देऊ नये.

टीप : टॉर्क पाना काम झाल्यावर त्याच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते आणि पाना खोटं बोलू लागतो. शेजाऱ्यांचा असेल तर तोही तसाच आणून, आणि आजच, परत करावा.

दुसरी टीप : ही सगळी कृती पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. ज्यांनी डिझेल गाडीचं बोनेट उघडून इथपर्यंत वाचत आणलंय, त्यांनी ते शांतपणे लावून टाकावं. काका खाली येण्याआधी जमलं तर उत्तम.